तिची बाजू ऐकून घेणारं गाणं

२०११ च्या जुलैमध्ये ऑस्ट्रेलियात एक गाणं आलं: ‘समबडी दॅट आय यूझ्ड टू नो’. गायक गोट्ये, सोबत न्यूझीलंडची किंब्रा. वर्षभरात ते जगभर पोचलं. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत २०१२ मध्ये ते ८ आठवडे पहिलं होतं आणि त्या साली तिथलं ते सर्वांत मोठं गाणं ठरलं. एवढ्या यशाचं श्रेय चालीला द्यावं, व्हिडिओला द्यावं की नशिबाला, यावर पुष्कळ बोललं गेलं आहे. मला त्याचं मूळ गाण्याच्या बांधणीत दिसतं. एका माणसाची तक्रार म्हणून ते सुरू झालं, आणि कर्त्याने समोरच्या व्यक्तीला बोलू दिलं तेव्हाच ते पुरं झालं.

कोठारातला स्टुडिओ

गोट्येचं खरं नाव वाउटर डी बॅकर. जन्म १९८० चा, बेल्जियममधल्या ब्रुझ शहरातला, वाढला ऑस्ट्रेलियात. ‘द बेसिक्स’ या बँडमध्ये तो ड्रम वाजवायचा आणि त्याच्या जोडीला गोट्ये या नावाने एकट्याचं संगीत करायचा. त्याची रीत वेचून जोडण्याची होती. जुन्या, विस्मरणात गेलेल्या रेकॉर्ड मिळवायच्या, त्यातला सेकंद-दोन सेकंदांचा तुकडा उचलायचा आणि त्यावर नवं गाणं रचायचं. २००६ चा त्याचा ‘लाइक ड्रॉइंग ब्लड’ हा अल्बम याच रीतीने झाला आणि ऑस्ट्रेलियात नावाजला गेला. पुढच्या ‘मेकिंग मिरर्स’साठी त्याने मेलबर्नच्या दक्षिणेला, मॉर्निंग्टन द्वीपकल्पावर, आई-वडिलांच्या जागेतल्या कोठारात स्टुडिओ थाटला. नादाच्या शोधात तो फार लांबही जायचा. याच अल्बममधल्या ‘आइज वाइड ओपन’ या गाण्यात क्वीन्सलंडच्या विंटन गावातल्या तारांच्या कुंपणाचा आवाज आहे. ते कुंपण वाद्यासारखं वाजवता येतं.

आपल्या गाण्याचं बीजही अशाच एका रेकॉर्डमध्ये होतं. ब्राझीलचे गिटारवादक लुइझ बोनफा यांच्या १९६७ च्या ‘सेव्हिल’ या वाद्यरचनेतला गिटारचा एक छोटा तुकडा गोट्येने घेतला आणि तो फिरता ठेवला. त्यावर झायलोफोनची सुरावट आली, इंग्रजी बालगीताची आठवण करून देणारी. वाद्यमेळ एवढा विरळ की शब्दांना लपायला जागाच उरत नाही. पहिलं ध्रुवपद यायलाच दीड मिनिट लागतं. रेडिओसाठी गाणं बांधणारा कुणीही एवढा वेळ घेऊ धजला नसता.

अडलेला अंतरा

प्रेम संपलंय आणि गाण्यातला माणूस मागे वळून बघतोय. सुरुवातीला हळवा आहे, पुढे दुखावलेला, मग थेट आरोप करणारा. इथवर लिहून झाल्यावर गोट्येचं घोडं अडलं. त्याच माणसाला आणखी बोलतं केलं तर गाणं पुढे सरकत नव्हतं, नुसती कुरकुर वाढत होती. मग गोट्येने गाण्यात तिला, त्या माणसाच्या पूर्वीच्या प्रेयसीला, आणायचं ठरवलं. एका नामांकित गायिकेचं ठरलं आणि ऐन वेळी फिसकटलं. दुसरे आवाज लावून पाहिले, ते बसेनात. शेवटी विशीतली किंब्रा आली. ती तेव्हा मेलबर्नमध्ये स्वतःच्या पहिल्या अल्बममागे होती.

ती येते तेव्हा निम्म्याहून अधिक गाणं संपलेलं असतं. आपण त्याच्या बाजूने झालेलो असतो. आपल्या कलगी-तुऱ्यात दोन्ही फडांना उत्तराची पाळी मिळते. इथे तिला एकच कडवं मिळतं. तेवढ्यात ती सांगते की दोष नेहमी तिच्याच माथी मारला गेला. आवाज आधी दबका आहे, मग चढत जातो, आणि इतका वेळ खरी वाटलेली त्याची कैफियत एकदम अर्धीमुर्धी वाटू लागते. निवाडा कुणीच करत नाही. ध्रुवपद परत येतं ते तेच, पण आता ते ऐकताना आपण त्याच्यावर पूर्वीसारखा विश्वास ठेवू शकत नाही.

नताशा पिंकस यांनी दिग्दर्शित केलेल्या व्हिडिओने हाच विचार रंगांत मांडला. मागची भौमितिक नक्षी गोट्येच्या वडिलांच्या चित्रावर आधारलेली आहे. एमा हॅक यांनी दोघांच्या उघड्या अंगांवर तीच नक्षी रंगवली. त्या कामाला २३ तासांहून जास्त वेळ लागला. एकेक चौकट टिपत केलेल्या चित्रणात रंग त्याच्या अंगावर आपोआप चढत जातो आणि तो भिंतीचा भाग होतो. ती त्याच नक्षीतून वळून त्याच्याजवळ येते, बोलून घेते आणि दूर होते, तसा तिच्या अंगावरचा रंग उतरत जातो. ती त्या चित्रातून सुटते, तो तिथेच राहतो.

लोकांनी उचललेलं गाणं

ऑस्ट्रेलियातून ते आधी बेल्जियम-नेदरलँड्समध्ये गाजलं. जानेवारी २०१२ मध्ये ‘ट्रिपल जे’ या ऑस्ट्रेलियन नभोवाणीच्या श्रोत्यांनी त्याला वर्षाचं पहिलं गाणं म्हणून निवडलं. त्याच महिन्यात कॅनडाच्या ‘वॉक ऑफ द अर्थ’ या बँडच्या पाच जणांनी एकाच गिटारवर ते वाजवलं आणि तो व्हिडिओ घरोघरी पोचला. मग ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक आला, पाठोपाठ अमेरिकेत. २०१३ च्या ग्रॅमी सोहळ्यात ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चा सन्मान प्रिन्सच्या हस्ते मिळाला.

एव्हाना घराघरांत लोक ते आपापल्या परीने गात होते. गोट्येने असे बरेच व्हिडिओ गोळा केले, त्यांचेच तुकडे जोडले आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये ‘समबडीज’ नावाचा यूट्यूब वाद्यवृंद उभा केला. ज्याने बोनफांचा तुकडा घेतला होता, त्याने आता श्रोत्यांचे तुकडे घेतले. बोनफा २००१ मध्येच वारले होते. गाण्याचे सहरचनाकार म्हणून त्यांचं नाव रीतसर लागलं आणि कमाईतला वाटा त्यांच्या वारसांकडे गेला. आपल्या यूट्यूब वाहिनीवर गोट्येने जाहिराती घेतल्या नाहीत. त्या नावाने पुढचा अल्बमही आणला नाही. ऑन्डिओलीन या दुर्मीळ विद्युत्वाद्याच्या आणि ते वाजवणाऱ्या झां-झाक पेरींच्या संगीताच्या जतनात तो रमला.

त्याला ‘एका गाण्याचा गायक’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ते एक गाणंही तिथेच थांबलं नाही: २०२५ मध्ये अमेरिकन रॅपर डोची हिच्या ‘अँग्झायटी’ या गाण्यात बोनफांचा तोच तुकडा पुन्हा वाजला आणि १९६७ ची ती गिटार आणखी एका पिढीच्या कानी पडली. आपल्या गाण्यात दुसऱ्यांना इतकी जागा देणारा कलावंत कमी गाण्यांनीही मोठा असतो. विरहाची गाणी सगळ्या भाषांत ढीगभर आहेत. त्यांतल्या बहुतेकांत दुसऱ्या बाजूला तोंडच नसतं. या गाण्यात ते आहे, आणि म्हणूनच ते टिकलं.