जपानला शिकायला जाताय? आधी हे वाचा

वडीगोद्री, अंबड, शहागडच्या पोरापोरींनो, जपानमधलं शिक्षण फक्त पुण्या-मुंबईकरांसाठी नाही. मेक्स्ट या जपान सरकारच्या शिष्यवृत्तीत फी, विमानभाडं आणि दरमहा भत्ता मिळतो. अर्ज दिल्लीच्या जपानी दूतावासामार्फत करता येतो.

तिथलं रोजचं जगणं शिस्तीचं. राहायला गेल्यावर 14 दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा, ठरल्या वारी ठरलाच कचरा बाहेर ठेवायचा. परवानगी काढून आठवड्याला 28 तास काम करता येतं. बरीच मुलं ते 'कोंबिनी' म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात करतात. माळकरी घरातल्यांनी लक्षात ठेवा, साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा माशाचा अर्क असतो.

मैत्री मात्र वर्गात बसून होत नाही, असं माझं ठाम मत. कॉलेजच्या 'सर्कल'मध्ये, म्हणजे खेळ, संगीत, भटकंतीच्या गटात शिरा. तिथे वरच्या वर्गातला 'सेनपाई' धाकट्यांना सांभाळून घेतो. पण जपानी यायलाच हवं.

पुण्यात जपानी शिकून तिकडे गेलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये टोकियोच्या एदोगावात नगरसेवक झाले. बारावीची वाट पाहू नका, हिरागाना ही जपानी लिपी आजच गिरवायला घ्या!