सभा शहाणी कधी होते?

१९०६ साली इंग्लंडात प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं मांस किती भरेल, यावर पैज लागली. शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी नंतर ७८७ चिठ्ठ्या तपासल्या. मधोमधचा अंदाज होता १२०७ पौंड, प्रत्यक्ष वजन ११९८. तेव्हापासून एक समज पक्का झाला, की गर्दी शहाणी असते, फक्त तिला आपसात बोलू देऊ नये. त्यात तथ्य आहेच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिकच्या प्रयोगात इतरांचे आकडे नुसते दाखवले, तरी सगळ्यांचे अंदाज एकमेकांकडे सरकले. उत्तर काही अधिक बरोबर आलं नाही. पण इथे लोकांना आकडे दिसले, त्यामागची कारणं कळली नाहीत. चर्चेचा सगळा जीव त्या कारणांत असतो.

ब्युनोस आयर्सच्या एका कार्यक्रमात हजारो प्रेक्षकांवर झालेला प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आयफेल टॉवर किती मीटर उंच, २०१० च्या फुटबॉल विश्वचषकात किती गोल झाले, असे प्रश्न होते. प्रत्येकाने आधी एकट्याने कागदावर उत्तर लिहायचं, मग पाच जणांनी मिनिटभर बोलून एक आकडा ठरवायचा. गोल कुणाला पाठ असणार? पण सामने ६४, सामन्याला दोनेक गोल, असा हिशेब एकाने मांडला की दुसरा तो दुरुस्त करू शकतो. अशा चार गटांची, म्हणजे अवघ्या वीस माणसांची सरासरी, १४०० जणांच्या एकेकट्या अंदाजांच्या सरासरीपेक्षा अचूक निघाली. माझ्या मते आधी लिहून घेण्याची ती पायरी निर्णायक आहे.

यावर आक्षेप असा, की खऱ्या बैठकीत माणसं सगळ्यांना ठाऊक असलेलंच उगाळतात. मानसशास्त्रज्ञ स्टॅसर आणि टायटस यांनी १९८५ मध्ये ते दाखवलंही: उत्तम उमेदवाराचे गुण सभासदांत विखरून सांगितले, तेव्हा बहुतेक गटांनी भलत्यालाच निवडलं. मग हुशार माणसं निवडून बसवावीत का? संशोधक वुली यांच्या २०१० च्या अभ्यासात ६९९ जणांच्या छोट्या गटांचं यश सभासदांच्या बुद्ध्यांकाशी फारसं जुळलं नाही. बोलण्याची पाळी सर्वांना सारखी मिळते का, याच्याशी अधिक जुळलं. या निष्कर्षावर पुढे वाद झाले, त्यामुळे तो ब्रह्मवाक्य मानू नये. तरी पुढच्या सोसायटीच्या सभेत एवढं करून पाहा: आधी सगळ्यांकडून चिठ्ठीवर मत लिहून घ्या, आणि अध्यक्षांना शेवटी बोलू द्या.