शॉकअपच्या त्या पाच खाचा

कर्जत-मुरबाड रस्त्यावर कडाव ते कशेळे या पट्ट्यात मोटरसायकलवर एकटा माणूस तसा कमीच दिसतो. मागे कुणीतरी असतंच. कुणी नसेल तर भाताचं पोतं असतं, नाहीतर गॅसचा सिलिंडर. शनिवार-रविवारी पेठच्या किल्ल्याला किंवा खांडसमार्गे भीमाशंकरला चढायला निघालेली मुंबईची पोरं भल्यामोठ्या सॅक लादून डबल सीट जातात, आणि चतुर्थीला कडावच्या बालदिगंबराच्या दर्शनाला आख्खं कुटुंब एका गाडीवर येतं. गाडी मागून बसलेली, पुढचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि गतिरोधक आला की मागून ‘ठक्’. यावर जे उपाय सांगितले जातात त्यातले बरेचसे उलटे पडतात. खरा उपाय बहुतेक गाड्यांना कारखान्यातूनच लावून आलेला असतो, पण गाडी विकेपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही.

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला एका टोकाशी पायऱ्यापायऱ्यांची एक रिंग असते. स्प्लेंडरसारख्या गाड्यांना तिच्या पाच खाचा असतात, बऱ्याच नव्या स्कूटरना तीन. टोकाला आकडी असलेला अर्धगोल पाना घालून ती फिरवली की स्प्रिंग थोडी आणखी दाबली जाते आणि तिथेच अडकते. कामात कौशल्य असं काहीच नाही. पण या रिंगेबद्दल सगळ्यात पक्का बसलेला समज म्हणजे ‘एक खाच वर घेतली की स्प्रिंग कडक होते’. अनुभवी गॅरेजवालेही हेच सांगतात.

स्प्रिंग कडक होत नाही. आकडे घालून पाहू. समजा दोन्ही स्प्रिंगा मिळून एक मिलिमीटर दबायला 2 किलो लागतात, आणि बसवतानाच त्या 20 मिलिमीटर दाबलेल्या आहेत. म्हणजे पहिले 40 किलो पडेपर्यंत मागची बाजू हलणारच नाही. मागच्या बाजूवर 100 किलो आले, तर स्प्रिंग एकूण 50 मिलिमीटर दबणार. त्यातले 20 आधीचेच, म्हणून गाडी 30 मिलिमीटर बसणार. आता रिंग फिरवून आधीचा दाब 30 मिलिमीटर केला. तेच 100 किलो, स्प्रिंग तितकीच 50 दबलेली; पण गाडी बसली फक्त 20 मिलिमीटर. पुढचा प्रत्येक मिलिमीटर मात्र आधीसारखाच 2 किलोंचा. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम रिंग फिरवल्याने बदलत नाही. रिंग गाडी उचलते, एवढंच. पण ते ‘एवढंच’ फार कामाचं आहे, कारण खड्ड्यात चाक वर यायला जी जागा लागते ती त्यामुळे परत मिळते.

यातूनच दुसरा गैरसमज सुटतो. ‘पहिल्या खाचेवर ठेव, गाडी मऊ चालते’ हे साठ किलोच्या एकट्या माणसाला लागू आहे. त्याच खाचेवर नव्वद किलोचा माणूस मागे कुणाला घेऊन बसला, की शॉकअपची निम्मीअधिक हालचाल गाडी सुटण्याआधीच संपते. उरलेली पहिल्या खड्ड्यात संपते, आतला रबराचा ठोकळा आपटतो आणि धक्का थेट मागच्याच्या कमरेत जातो. अशा वेळी खाच वर घेतल्यावर गाडी जास्त आरामशीर चालते. उलट, एकट्या सडपातळ माणसाने कायम पाचव्या खाचेवर गाडी ठेवली तर ती जवळजवळ बसतच नाही. मग खड्ड्यात चाकाला खाली उतरायला वाव राहत नाही, ते रस्ता सोडून उडतं. म्हणून ओझं उतरलं की रिंगही उतरवायची. कंटाळवाणं आहे, कबूल. पण दोन मिनिटांचं काम आहे.

किती खाचा, हा प्रश्न अंदाजाने सोडवू नये. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, म्हणजे मागचं चाक लोंबकळतं. चाकाच्या एक्सलपासून सरळ वर सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेपने माप घ्यायचं. मग गाडी खाली उतरवून, नेहमीचं ओझं आणि माणसं बसवून, तिसऱ्या कुणाला गाडी सरळ धरायला सांगून तेच माप पुन्हा घ्यायचं. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश असावा; हालचाल 90 मिलिमीटर असेल तर 30 च्या आसपास. त्याहून बराच जास्त आला तर एक खाच वर. फिरवताना गाडी स्टँडवर हवी आणि दोन्ही बाजू सारख्याच खाचेवर. ‘सायलेन्सरकडची बाजू जड, तिकडे एक खाच जास्त’ या युक्तीला आधार नाही. दोन्ही शॉकअप एकाच चाकाला धरून असतात. पावसाळ्यानंतर शेतातल्या मातीने रिंग गंजून बसलेली असते. छिन्नी-हातोड्याने खाचा मोडण्यापेक्षा धुऊन, तेल सोडून तासभर थांबावं.

साखळी घट्ट करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढचं स्प्रॉकेट, मागच्या फोर्कची खीळ आणि चाकाचा एक्सल एका रेषेत आले की साखळी सर्वांत जास्त ताणली जाते. स्टँडवर ती अगदी चोख घट्ट केली, तर दोन माणसं बसल्यावर ती तटतटते आणि बेअरिंगं खाते.

मागची बाजू बसण्याला बरेच जण फक्त आरामाचा प्रश्न समजतात. मागे बसणारा जवळजवळ मागच्या चाकावरच बसतो, त्यामुळे त्याचं बहुतेक वजन मागेच जातं. मागचं खाली गेलं की पुढचं हलकं होतं, हँडल वळणावर उशिरा ऐकतं. कशेळ्याच्या पुढे रात्री रस्त्यावर दिवे नसतात. तिथे तुमचा उचललेला हेडलाइट समोरच्याला आंधळा करतो आणि तुमच्या पुढचा खड्डा मात्र अंधारात राहतो. लोक लाइटचा स्क्रू फिरवतात, दोष मागे असतो. गुलमर्गला आपली मंडळी ज्या स्नोमोबाइलवर हौसेने बसतात, तिथेही हेच घडतं. पट्ट्याच्या आतल्या पीळदार स्प्रिंगा वजनदार चालकासाठी चढवल्या नाहीत, तर मागचं बर्फात दबतं, पुढच्या स्की हलक्या होतात आणि वळवताना गाडी सरळच जाते. तिथे रिंगेऐवजी उंचीच्या पायऱ्या असलेला ठोकळा फिरवतात.

रिंग पाचव्या खाचेवर आहे, तरी गाडी बसतेच आहे? मग स्प्रिंगच अपुरी आहे. दूधवाले जाड तारेची स्प्रिंग घालून घेतात, ते बरोबरच आहे. पण त्यात किती फरक पडतो याची कल्पना नसते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी सारं तेच ठेवून 7 ऐवजी 8 मिलिमीटरची तार घेतली, तर कडकपणा सुमारे 70 टक्क्यांनी वाढतो. रोज कॅन वाहणाऱ्याला ते चालेल, पण रिकाम्या परतीच्या फेरीत तीच गाडी उड्या मारेल, कारण जुन्या शॉकअपमधलं तेल इतक्या जोराच्या स्प्रिंगेला आवरायला बनवलेलं नसतं. वेढ्यांमध्ये रबर कोंबणं हा त्याचाच स्वस्त प्रकार. वेढे अडले की चालू वेढे कमी होतात आणि स्प्रिंग कडक होते, तीही नेमकी किती ते कळायला मार्ग नसतो.

टायरमधली हवा कमी करून मऊपणा आणणं तर सरळ घातक. डबल सीटला मागच्या चाकात हवा जास्त लागते. कंपनीचे दोन वेगळे आकडे साखळीच्या कव्हरवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात असतात.

आणि रिंग कितीही फिरवली तरी गाडीची वहनक्षमता वाढत नाही. 100 सीसीच्या बऱ्याच गाड्यांची ती 130 किलोंच्या आसपास असते, चालवणारा धरून. पासष्ट किलोची दोन माणसं बसली की हिशोब पुरा. भरलेला घरगुती सिलिंडर तीसेक किलोंचा असतो, त्यात गॅस 14.2 किलो आणि उरलेलं लोखंड. तो या हिशोबाबाहेरचा. ट्रिपल सीट तर 1988 च्या मोटर वाहन कायद्याच्या कलम 128 नुसारच बसत नाही.

शेवटचा घोळ ‘स्प्रिंग मेली’ या निदानाचा. पोलाद वापरून मऊ पडत नाही. जुनी स्प्रिंग फार तर किंचित आखूड होते, आणि तेवढं रिंग भरून काढते. मरतो तो आतला तेलाचा दांडा. मागची सीट जोरात दाबून सोडा. गाडी वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डोलली किंवा दांड्यावर तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर कुठलीही खाच उपयोगाची नाही. बाजूला डबी असलेले, बजाजच्या काही गाड्यांवर ‘नायट्रॉक्स’ नावाने येणारे शॉकअप दाबाने भरलेले असतात. भोक पाडून त्यात तेल भरून देणाऱ्याकडे ते नेऊ नयेत. नवे घ्यायचे तर जोडीने घ्यावेत, आणि बसवून झाल्यावर टेपने माप पुन्हा घ्यावं.