पाय विसरायचा असतो

दिवाळीच्या सुट्टीत नात सांगलीला आली ती एक कागद घेऊनच. सात वर्षे कराटे शिकून तिने काळा पट्टा मिळवला आहे. आता तिला बॉक्सिंग शिकायचे आहे. कागद पालकांच्या संमतीचा होता. सही तिच्या आईने, म्हणजे माझ्या लेकीने करायची. पण लेकीने तिला बजावून पाठवले होते, ‘सही मी करीनच. पण आधी आजोबांना वाचायला दे.’

बँकेत ३३ वर्षे काढलेल्या माणसापुढे कागद ठेवणे यात वावगे काही नाही. बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचण्याची माझी खोड घरात सर्वांना ठाऊक आहे. पण त्या बजावणीत एक जुना हिशेब होता आणि तो आम्हा बापलेकीलाच कळणारा होता. त्याकडे नंतर येतो.

नातीची तक्रार वेगळीच होती. ‘आजोबा, दोन दिवस गेले मी क्लासला. नुसतं उभं राहायला शिकवतात! सर म्हणाले, तुझे हात बरे आहेत, पण आधी पाय विसर.’

मला हसू आले, पण नंतर जसजसे वाचत गेलो तसतसे त्या सरांचे म्हणणे पटू लागले. स्पर्धेच्या कराटेत फटका मारून चटकन मागे सरायचे असते. गुण झाला की पंच लढत थांबवतो, दोघी पुन्हा आपापल्या जागी जातात. (मराठीत ‘पंच’ म्हणजे निवाडा करणारा आणि बॉक्सिंगमध्ये ‘पंच’ म्हणजे ठोसा, आमच्या संभाषणात त्यामुळे दोनदा गोंधळ झाला.) बॉक्सिंगमध्ये असा मधला विसावा नाही. तीन मिनिटांची फेरी, अशा तीन फेऱ्या. एक ठोसा बसला म्हणून कोणी थांबत नाही, दुसरा यायचाच असतो. थायलंडच्या मुए थाईतून येणाऱ्याची अडचण आणखी खोल. तिथे मूठ, कोपर, गुडघा आणि लाथ अशी चारही हत्यारे चालतात. त्यामुळे पुढचा पाय हलका ठेवायचा, म्हणजे लाथ अडवायला तो झटकन उचलता येतो. आणि डोके खाली घालायचे नाही, कारण खाली समोरच्याचा गुडघा वाट पाहत असतो. बॉक्सिंगमध्ये नेमके उलटे. कमरेखाली मारायचे नाही, मारायचे ते फक्त मुठीच्या पुढच्या भागाने. म्हणून अंग तिरके, पावले सतत फिरती आणि डोके ठोशाखालून काढून न्यायचे. जी भीती वर्षानुवर्षे घोटून अंगात मुरवली तीच टाकून द्यायची. नवे शिकणे त्या मानाने सोपे म्हणायचे.

तरीही हा रस्ता मळलेला आहे. थायलंडचा साएनसाक मुआंगसुरिन मुए थाईतून व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये आला आणि १९७५ मध्ये अवघ्या तिसऱ्या लढतीत जागतिक विजेता झाला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्या देशाला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले तेही मुए थाईतूनच आलेल्या सोमलक कामसिंगने. फटका येताना डोळे मिटायचे नाहीत, अंतराचा अंदाज चुकू द्यायचा नाही, ही कमाई जुन्या विद्येतून फुकट मिळते.

आपल्याकडे या रस्त्याने आलेली मुलगी म्हणजे लवलिना बोर्गोहेन. आसामातल्या गोलाघाट जिल्ह्यातले बारोमुखिया हे तिचे गाव. घरात तिघी बहिणी. थोरल्या दोघी जुळ्या, त्याही मुए थाई खेळत. त्यांच्या मागोमाग ही. २०१२ मध्ये क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक पदुम बोरो यांनी तिला शाळेत झालेल्या चाचणीत हेरले आणि बॉक्सिंगकडे वळवले. वडिलांनी मिठाई आणली तिच्या पुडीच्या कागदावर मुहम्मद अलीविषयीचा मजकूर होता आणि तो तिने वाचला, अशी एक हकिकत तिच्याबद्दल सांगतात. रद्दीचा कागदही वाचायचा सोडू नये, असे मानणाऱ्या माझ्यासारख्याला ती न आवडती तरच नवल.

२०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तिची उपांत्यपूर्व लढत मी टीव्हीवर पाहिली. समोर तैवानची चेन निएन-चिन, २०१८ च्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत जिच्याकडून ती हरली होती तीच. मला बॉक्सिंगमधले कळत नाही. पण उंच, लांब हातांची ती मुलगी त्या दिवशी घाई करीत नव्हती, एवढे मलाही कळले. ४-१ असा निकाल लागला आणि कांस्यपदक पक्के झाले. पुढे तुर्कस्तानच्या सुर्मेनेलीने तिला ५-० असे हरवले. २०२३ मध्ये दिल्लीत ती जागतिक विजेती झाली.

टोकियोच्या त्याच वर्षातली दुसरी एक बातमी मी कापून ठेवली आहे. बँकॉकचे लुम्पिनी स्टेडियम म्हणजे मुए थाईचे मोठे देऊळच. तिथल्या रिंगला बाईचा स्पर्शही चालत नसे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथे पहिल्यांदा दोन स्त्रियांची लढत झाली. म्हणजे ज्या विद्येचे बोट धरून लवलिना निघाली, तिच्या माहेरघरात बाईला प्रवेश मिळाला तो लवलिनाच्या पदकानंतर तीन महिन्यांनी.

आपण मात्र थायलंडला हसू नये. आमच्या या कुस्तीच्या मुलखात तालमीच्या लाल मातीत बाईने पाय ठेवायचा नाही, हा रिवाज कोणी लिहून ठेवावा लागला नव्हता. मुली लाठी फिरवतात, दांडपट्टा चालवतात, त्यालासुद्धा आपण ‘मर्दानी खेळ’ म्हणतो. पन्नासच्या दशकात हमिदा बानू नावाची पहिलवान पुरुषांना आव्हान देत देशभर फिरत होती. १९५४ मध्ये बडोद्याला तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केले. कोल्हापुरात तिने सोमासिंग पंजाबीला हरवले तेव्हा प्रेक्षकांनी दगडफेक केली, पोलीस बोलवावे लागले. तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तिने बंदीची तक्रार नेली. उत्तर मिळाले की बंदी ती बाई आहे म्हणून नाही, आयोजक तिच्यासमोर बनावट पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून. कारणे नेहमीच अशी सभ्य असतात. कर्ज नाकारताना आम्हीही बँकेत अशीच वाक्ये लिहीत असू.

इंग्लंडमध्ये तर सभ्यपणाही पाळला गेला नाही. जेन काउच या बॉक्सरला तिथल्या मंडळाने परवाना नाकारला आणि कारण दिले ते मासिक पाळीपूर्वी बायकांचे मन अस्थिर होते हे. ती न्यायाधिकरणात गेली आणि जिंकली. साल १९९८.

आता माझा हिशेब. सालही तेच.

मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. लेक १२ वर्षांची. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कराटेचा वर्ग भरे, तिथे तिला मीच घातले होते. तेव्हा गावोगावी असे वर्ग निघाले होते आणि त्यांच्या फलकांवर एक शब्द हमखास असे, स्वसंरक्षण. त्या शब्दावर आम्हा बापांचा फार विश्वास. मुलगी रस्त्याने एकटी जाते, कोणी आडवे आले तर दोन हात करता यावेत. इथवर सगळे ठीक होते. मग एके दिवशी ती जिल्हा स्पर्धेचा कागद घेऊन आली. लढतीसाठी तिची निवड झाली होती. मी म्हणालो, ‘नाक मोडलं तर? उद्या लग्नाच्या वेळी काय सांगायचं?’ आणि सही केली नाही. ती रडली नाही, वादही घातला नाही. महिनाभराने तिने वर्गाला जाणे बंद केले आणि कारण विचारण्याची तसदी मी घेतली नाही.

त्याच डिसेंबरात बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत डिंको सिंगने बॉक्सिंगचे सुवर्ण मिळवले. सकाळच्या चहाला मी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली. लेक समोर बसून गृहपाठ करीत होती.

डिंकोच्याच मणिपुरात तीच बातमी ऐकून एक मुलगी मात्र बॉक्सिंगकडे वळली. मेरी कोम. तिच्याही वडिलांना भीती वाटत होती ती चेहऱ्याची आणि लग्नाची, आणि ते तर स्वतः तरुणपणी कुस्ती खेळलेले. २००० मध्ये ती राज्य स्पर्धा जिंकली आणि वर्तमानपत्रातला फोटो पाहून त्यांना कळले की मुलगी बॉक्सिंग करते. २००१ मध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा अमेरिकेत स्क्रँटनला झाली, तिथे तिला रौप्य मिळाले. ऑलिंपिकची दारे उघडायला २०१२ साल उजाडावे लागले.

मी लेकीला अडवले ते माराच्या भीतीने, असे बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. ते पुरते खरे नाही. मार तर रोजच्या सरावातही लागत होता. हिरवेनिळे डाग मीच पाहिले होते. मुलीने बचावासाठी हात उचलावा, हे मला मान्य होते. समोर गुंड नाही, कसला प्रसंग नाही, आणि तरी तिला लढावेसे वाटते, जिंकावेसे वाटते, हे मला झेपले नव्हते. कराटेला ‘स्वसंरक्षण’ या शब्दाची ढाल असते. बॉक्सिंगच्या रिंगमध्ये चढणाऱ्या मुलीजवळ ती नाही. ती उघडपणे दुसरीला हरवायला चाललेली असते.

भीती अगदी खोटी होती असेही नाही. डोक्याला बसणारा मार ही थट्टेची गोष्ट नव्हे. म्हणून नातीचा कागद मी नीट वाचला, दोनदा. डोक्याला मार लागल्यास किती दिवस विश्रांती, याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. त्या सरांना फोन केला, डॉक्टर असतात का विचारले. ते जरा वैतागले, पण उत्तरे नीट दिली. कागदाच्या तळाशी साक्षीदाराची एक रेघ होती. तिथे सही केली आणि लेकीला फोन लावला.

‘वाचला?’ तिने विचारले.

‘वाचला. साक्षीदार म्हणून सहीही केली.’

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘बरं. तुमच्या गोळ्या घेतल्या का?’

सुट्टी संपेपर्यंत रोज सकाळी अंगणात माझी नेमणूक झाली होती. जुनी उशी दोन्ही हातांनी छातीपुढे धरून उभे राहायचे आणि नातीने त्यावर ठोसे मारायचे. डावा, डावा, उजवा. चौथ्याला तिचा उजवा पाय आपोआप वर येई, मी उशी टाकून मागे सरके, आणि ती स्वतःवरच चिडून म्हणे, ‘सॉरी आजोबा, परत. पहिल्यापासून.’