बोटं तीच, पट्टी नवी

यवतमाळच्या दुर्गोत्सवात ऑर्केस्ट्रा ऐकताना गिटारवाल्याचा डावा हात बघा. गायक पांढरी चारऐवजी काळी चार मागतो, तेव्हा पेटीवाल्याच्या बोटांची मांडणीच बदलते. गिटारवाला मात्र तोच पंजा तीन फ्रेट पुढे सरकवतो. कसं काय?

एक फ्रेट म्हणजे अर्धा स्वर. सहाही तारा सारख्याच फ्रेटनी आखूड झाल्या की सगळे स्वर सारखेच चढतात आणि त्यांची आपसातली अंतरं, म्हणजे कॉर्डचा स्वभाव, कायम राहतो. मोकळी राहिलेली तार मात्र जुन्याच स्वरावर अडून बसते. म्हणून तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबायची. मग बाकीच्या बोटांनी धरलेला ‘ई’ कॉर्डचा पंजा पहिल्या फ्रेटवर ‘एफ’ देतो, तिसऱ्यावर ‘जी’, पाचव्यावर ‘ए’.

शिकणाऱ्यांनी सुरुवात पाचव्या फ्रेटवर करावी. तिथे पहिल्यापेक्षा जोर कमी लागतो.