वाळवंटातली छत्री आणि कंदील

शाळेत इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसलेल्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल. स्टुलावर कापड, त्यावर तांब्या, दोन फळे, एखादी बाटली. समोर बसून छाया-प्रकाश पाहायचा आणि रंगवायचे. अशा घरगुती वस्तू कुणी वाळवंटात नेल्या तर?

मकबूल फिदा हुसेन यांनी त्या नेल्या. त्यांचा जन्म 1915 चा, आपल्या पंढरपूरचा. मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारा हा माणूस पुढे जगभर गाजला. 1967 मध्ये फिल्म्स डिव्हिजनसाठी त्यांनी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ हा लघुपट केला. चित्रीकरण राजस्थानात, बुंदी, चितोड आणि जैसलमेरला. त्यात ना कथा, ना संवाद. दृश्ये आणि संगीत एवढेच. गावे, माणसे, जनावरे यांच्यामध्ये छत्री, कंदील आणि जोडा या साध्या वस्तू पुन्हा पुन्हा दिसतात. त्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात या लघुपटाने ‘गोल्डन बेअर’ पटकावले.

घरात खुंटीला टांगलेल्या छत्रीकडे आपले लक्षही जात नाही. जिथे पाऊस क्वचितच पडतो, तिथे तीच छत्री दिसली की डोळा थांबतो. कंदील पाहून रात्र आठवते, रिकामा जोडा पाहून तो घालणारा माणूस. छत्री आणि कंदील पुढे हुसेन यांच्या चित्रांतही येत राहिले.

अमेरिकेत जॉर्जिया ओकीफ यांनी हेच वेगळ्या रीतीने केले. 1930 च्या सुमारास न्यू मेक्सिकोच्या रखरखीत मुलखात मेलेल्या जनावरांची हाडे त्यांनी गोळा केली, घरी नेली आणि रंगवली. 1931 मधले त्यांचे गाईच्या कवटीचे चित्र प्रसिद्ध आहे. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या शेवगावच्या वडीलधाऱ्यांना अशा हाडांचा अर्थ समजावून सांगायला नको.

हुसेन यांची अखेरची वर्षे मायदेशाबाहेर, दुबई आणि कतारच्या वाळवंटी मुलखात गेली. 9 जून 2011 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. छत्री, कंदील, जोडा या तिन्ही घर सोडून निघालेल्याच्या वस्तू आहेत, हे आता ती चित्रे पाहताना जाणवते.

आज संध्याकाळी इफ्तारच्या दस्तरखानावर खजूर आणि पाण्याचा पेला असेल. खजूरही वाळवंटाचेच फळ. दिवसभराच्या तहानेनंतर तो साधा पेला किती वेगळा दिसतो, हे रोजेदाराला विचारा. घरात चित्रकलेची वही असेल, तर अजान होईपर्यंतच्या चार मिनिटांत मुलांना तो रेखाटू द्या.