पापणीवर कोड आले, डोळ्यांचे काय?

“डॉक्टर, कोड पापणीवर आले. आता नजर जाणार का?” नेत्रतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न नेहमी ऐकावा लागतो. माझे उत्तर असते : नाही. कोड संसर्गजन्य नाही, कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही आणि पापणीवरच्या डागाने दृष्टी जात नाही. तरीही डोळ्यांकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

कोडात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. अशाच रंगपेशी डोळ्याच्या आतही असतात. काही रुग्णांत तेथील रंग फिकट झालेला दिसतो, पण बहुधा त्याचा त्रास होत नाही. डोळे कोरडे पडून चुरचुरणे ही तक्रार मात्र अधिक आढळते.

मला खरी काळजी वाटते ती ‘व्होग्ट-कोयानागी-हारादा’ या विरळा आजाराची. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत तो गोऱ्या युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो. सुरुवातीला डोके दुखते, मान आखडते, कानात आवाज येतो. काही दिवसांत दोन्ही डोळे लाल होऊन अंधुक दिसू लागते. अंगावरचे पांढरे डाग आणि पापण्यांचे पांढरे केस त्यानंतर काही आठवड्यांनी वा महिन्यांनी येतात. म्हणून डागांची वाट पाहू नये. स्टिरॉइडचे उपचार लवकर सुरू झाले तर नजर बहुधा वाचते. हे औषध कित्येक महिने चालते व हळूहळू कमी करावे लागते. बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नये.

कोडावरील उपचारांतही डोळे सांभाळावे लागतात. सोरालेनची गोळी घेतल्यावर २४ तास, दिवसाउजेडी, अतिनील किरण अडवणारा चष्मा वापरावा. घरात खिडकीजवळ बसतानाही. नुसती काळी काच पुरत नाही. बावचीच्या बियांतही सोरालेनच असते, म्हणून ती स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नये. पापणीवर स्टिरॉइडचे मलम महिनोन्‌महिने चोळल्यास काचबिंदू किंवा मोतीबिंदू होऊ शकतो.

कोड असलेल्यांनी वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत. डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागले, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. लोक काय म्हणतील या संकोचाने काळ्या चष्म्याआड डोळे लपवू नका. डाग राहिला तरी माणसाचे काही अडत नाही. गेलेली नजर मात्र परत मिळेलच असे नाही.